व्यावसायिक मिडफिल्डर व्हायचंय? १३ ते २२ या वयात काय करायचं, केव्हा आणि कसं

९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकात (१७ वर्षांखालील) भारताचा पहिला गोल झाला. गोल करणारा होता मणिपूरचा १६ वर्षांचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू. तो गोल सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतर काय झालं, ते नव्या मुलांनी जास्त नीट बघावं. जीक्सन, सुरेश सिंग वांगजाम, अमरजित सिंग कियाम आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव ही सगळी मुलं विश्वचषकानंतर इंडियन अ‍ॅरोज या फुटबॉल महासंघाच्या तरुण संघातून आय-लीग या मोठ्यांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळली. १७-१८ वर्षांच्या पोरांना दर आठवड्याला पूर्ण वाढलेल्या, अनुभवी खेळाडूंशी भिडावं लागलं. बरेच सामने हरले, पण खेळत राहिले.

इंडियन अ‍ॅरोज २०२२ मध्ये बंद झाला. म्हणजे ती शिडी आता आयती मिळत नाही, स्वतः बांधावी लागते. या लेखात पुढे जे काही सांगितलं आहे, ते एकाच हिशेबावर बेतलेलं आहे: १७ ते २१ या वयात मोठ्यांच्या स्पर्धात्मक सामन्यांत किती मिनिटं मिळाली. क्लबचं नाव, जर्सी, इन्स्टाग्रामवरचे फोटो हे सगळं त्यानंतर येतं.

आधी ठरवा, कुठला मिडफिल्डर

१३-१४ वर्षांच्या मुलाला विचारलं तर तो दहा नंबर सांगतो, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळून गोलच्या संधी तयार करणारा. शाळेच्या संघात सगळ्यात चांगला खेळणारा मुलगा दहावर खेळतो, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण भारतातल्या वरच्या स्तरावर ही जागा मिळवणं सगळ्यात अवघड. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त ४ परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले. क्लब त्या जागा संघाच्या मधल्या कण्यावर खर्च करतात: स्ट्रायकर, दहा नंबर, सेंटर बॅक. ज्या जागेसाठी क्लब परदेशातून माणूस आणतो, त्याच जागेचा हट्ट धरला तर बाकावर बसण्याची शक्यता वाढते.

म्हणून १५ वर्षांनंतर सहा आणि आठ या दोन्ही जागा शिका. सहा म्हणजे बचाव फळीच्या पुढे उभा राहणारा, चेंडू खालून वर नेणारा, हल्ला तुटला की पहिला अडवणारा. आठ म्हणजे दोन्ही पेनल्टी बॉक्सच्या मध्ये सतत ये-जा करणारा. दहा खेळायचंच असेल तर सोबत एखादं असं कौशल्य हवं की जे प्रशिक्षकाला सोडवणार नाही. मडगावच्या ब्रँडन फर्नांडिसकडे कॉर्नर आणि फ्री किकची डिलिव्हरी आहे. डावा, उजवा कुठलाही कॉर्नर नेमक्या जागी पडत असेल, तर संघ तुमच्यासाठी जागा काढतो. आठवड्यातून तीन दिवस सरावानंतर ३० कॉर्नर मारा: १० जवळच्या पोस्टकडे, १० पेनल्टी स्पॉटवर, १० लांबच्या पोस्टकडे. पहिल्या बचावपटूच्या डोक्यावरून किती गेले ते लिहून ठेवा. ३० पैकी २० जात नसतील तर सामन्यात कॉर्नर दुसऱ्याला मारू द्या.

चेंडू येण्याआधीचं काम

मधल्या फळीत चारही बाजूंनी माणसं असतात, त्यामुळे मान फिरवण्याची सवय हे या जागेचं पहिलं कौशल्य. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या मिडफिल्डरांची चित्रफीत तपासली, तेव्हा चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा आजूबाजूला बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरत असल्याचं दिसलं.

बघायचं केव्हा, इथे बहुतेक मुलं चुकतात. सहकारी पासला पाय उचलतो त्या क्षणी ती मान वळवतात आणि चेंडूचा वेग, उसळी दिसायची राहून जाते. बरोबर वेळ अशी: चेंडू दोन सहकाऱ्यांमध्ये फिरत असताना एकदा बघा, आणि तुमच्याकडे पास देणाऱ्यानं चेंडू घेताना पहिला टच केला की पुन्हा एकदा. तो मारतो त्या वेळी नजर चेंडूवर हवी.

सराव साधा आहे, तिघे लागतात. १० मीटर लांबीची रेघ, दोन टोकांना दोघे, मध्ये तुम्ही. पास देणारा चेंडूला पहिला टच करतो, त्याच वेळी मागचा हाताची बोटं वर करतो किंवा एक पाऊल डावी-उजवीकडे सरकतो. चेंडू पायाला लागायच्या आत आकडा मोठ्यानं सांगायचा आणि तो सरकला असेल त्याच्या उलट बाजूनं वळायचं. १२ चेंडूंची एक फेरी, ९० सेकंद विश्रांती, अशा ४ फेऱ्या. दोन आठवड्यांनी मागच्यानं नुसतं उभं न राहता अंगावर यायचं.

वळताना शरीर अर्धं उघडं ठेवा, म्हणजे एक खांदा पास देणाऱ्याकडे आणि दुसरा समोरच्या गोलकडे. चेंडू लांबच्या पायानं घ्या. पहिला टच पायाखाली थांबला तर पुढचा पास मागेच जाणार, म्हणून चेंडू साधारण एक मीटर पुढे, मोकळ्या बाजूला काढा. कमकुवत पायासाठी भिंत पुरे: ६ मीटरवरून रोज १५० पास, त्यातले ५० चालता-चालता. तीन महिन्यांत फरक दिसतो. ज्याचा डावा पाय फक्त उभं राहण्यापुरता आहे, त्याला समोरचा संघ दहा मिनिटांत ओळखतो आणि त्याच बाजूला ढकलत राहतो.

मुंबई-पुण्यातल्या मुलांसाठी एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. जाळी लावलेल्या भाड्याच्या टर्फवर पाच-पाच जणांचं फुटबॉल रोज खेळून पाय चपळ होतात, पण २५-३० मीटरचा पास कधी मारावाच लागत नाही. चेंडू जाळीला लागून परत येतो, त्यामुळे चुकलेल्या पासची शिक्षाही मिळत नाही. अशी मुलं ट्रायलला पूर्ण मैदानावर आली की एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला चेंडू फिरवता येत नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस ११ जणांचं मैदान मिळवा, पहाटे पाचला का असेना. कोल्हापूरच्या मुलांचं उलट असतं. शाहू स्टेडियमच्या कडक मैदानावर, खच्चून भरलेल्या गर्दीसमोर पेठांच्या आणि तालमींच्या संघांतून खेळल्यामुळे टक्कर आणि कुणाला तरी लागून उसळलेला चेंडू यांना ती घाबरत नाहीत. त्यांनी जमिनीवरून, दोन टचमध्ये खेळण्यावर वेळ द्यावा.

शरीर: किती, केव्हा, आणि कुठे थांबायचं

वरच्या स्तरावर मिडफिल्डर एका सामन्यात १० ते १२ किलोमीटर धावतो. म्हणून कित्येक प्रशिक्षक मुलांना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावतात. सामन्यातलं धावणं तसं सलग नसतं. वेग, ब्रेक, वळण, पुन्हा वेग असं ते असतं. त्यासाठी ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं हळू, अशा ४ फेऱ्या आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतात. जोरात म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येऊ नये इतकं. हेच ३० बाय २५ मीटरच्या चौकोनात तीन विरुद्ध तीन खेळूनही साधतं आणि चेंडूही सोबत राहतो. प्रगती मोजायला यो-यो चाचणी वापरा: २० मीटर जाऊन येऊन, मग १० सेकंद विश्रांती, वेग वाढत जातो. दर सहा आठवड्यांनी एकदा करा, दर आठवड्याला नको.

वॉर्म-अपसाठी फिफाचा ११+ शिकून घ्या. १५ व्यायाम, सुमारे २० मिनिटं: ८ मिनिटं धावण्याचे, १० मिनिटं ताकद आणि तोल सांभाळण्याचे, २ मिनिटं वेगाचे. त्यातला मांडीच्या मागच्या स्नायूंचा नॉर्डिक व्यायाम मुलं हटकून टाळतात, कारण दुसऱ्या दिवशी दुखतं. सुरुवात ३ ते ५ वेळांपासून करा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी टाळा. मुलींमध्ये गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त आहे. त्यांनी उडी मारून उतरताना गुडघे आत न वळवण्याचा सराव आठवड्यातून किमान दोनदा करायलाच हवा.

१२ ते १५ या वयात दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करा. तीन महिन्यांत २ सेंटिमीटरहून जास्त वाढ झाली तर हाडं स्नायूंच्या पुढे गेलेली असतात. त्या काळात टाच दुखते किंवा गुडघ्याच्या खालचं हाड सुजतं. मुलगा अचानक बेढब धावू लागतो, टच बिघडतो आणि घरचे म्हणतात, ‘पोरगं आळशी झालं.’ ते आळस करत नसतं. उड्या आणि स्प्रिंट निम्म्यावर आणा, चेंडूचं काम चालू ठेवा. याच वयात जोर लावून खेळवलेली गुणी मुलं १७ पर्यंत टिकत नाहीत.

बुटांचंही तसंच. कडक मातीच्या मैदानावर लांब स्टडचे बूट घातले की नडगीवर भार येतो. तिथे आणि टर्फवर छोट्या रबरी गोट्यांचे बूट वापरा, लांब स्टड पावसाळ्यातल्या मऊ गवतासाठी ठेवा.

खाण्याचा हिशेब ६० किलोच्या मुलासाठी असा. सामन्याच्या आदल्या दिवशी वजनाच्या दर किलोमागे ६ ते ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ३६० ते ४८० ग्रॅम. एक वाटी भातात साधारण ४५ ग्रॅम असतात, मध्यम केळ्यात २५, एका पोळीत १५ ते २०. मोजून बघा, बहुतेक मुलं निम्म्यावरच असतात. प्रथिनं दर किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे ९५. शाकाहारी घरात हे अवघड नाही, पण ठरवून करावं लागतं: कोरडे सोयाबीन वडे ५० ग्रॅम घेतले तर २५ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून १८, शिवाय डाळी, दही, दूध, शेंगदाणे. सामन्याच्या तीन तास आधी वरण-भात किंवा पोहे, तेल कमी. मिसळ आणि वडापाव सामन्यानंतर. खेळण्याआधी आणि नंतर वजन करा: जितके किलो कमी झालं, त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत प्या, त्यात मीठ हवं. मे महिन्यात कोकणात किंवा गोव्यात खेळताना दीड-दोन किलो सहज जातं.

औषधांबाबत मात्र जरा थांबून वाचा. उत्तेजक चाचणीत शरीरात काय सापडलं त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो, कुणी दिलं याला नंतर फार किंमत राहत नाही. सर्दीच्या साध्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपुढे बंदी असलेलं आहे. दम्याच्या पंपालाही डोसची मर्यादा आहे. जिममधल्या डब्यांवर छापलेलं आणि आत असलेलं जुळेलच असं नाही. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आपण नोंदणीकृत खेळाडू आहोत, आणि औषधाचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था) यादीशी पडताळा. प्रिस्क्रिप्शनचा फोटो जपून ठेवा.

कागद

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची ऑनलाइन नोंदणी, जिला सगळे सीआरएस म्हणतात, ती नसेल तर अधिकृत सामना खेळता येत नाही. नोंदणी क्लब किंवा अकादमीमार्फत होते. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव आणि तारीख अक्षरशः एकसारखी हवी. ‘जाधव’चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं असल्यामुळे मुलांचे आठवडे वाया जातात. पासपोर्ट १४ व्या वर्षीच काढून ठेवा. भारतीय शिबिराचं बोलावणं आलं की तेव्हा वेळ नसतो.

वय कमी दाखवण्याचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसापासून मुलाला दूर करा. मनगटाच्या हाडांवरून वय तपासतात, आणि एकदा पकडलं गेलं की करिअर सुरू होण्याआधीच बंदी येते.

नोंदणी कुठे अडकते? अकादमी सोडल्यावर ती जुन्या संस्थेकडेच राहते आणि नवा क्लब हस्तांतराच्या प्रतीक्षेत बसतो. म्हणून प्रवेश घेतानाच लेखी विचारा: सोडताना किती दिवसांत मोकळं करणार, आणि त्यासाठी पैसे मागणार का. तसंच फिफाच्या नियमानुसार एका मोसमात जास्तीत जास्त तीन क्लबांकडे नोंदणी होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यातल्या दोघांसाठीच खेळता येतात. घाईत मारलेली एक सही पुढच्या संधीचं दार लावून टाकते.

मिनिटं कुठे मिळतात

शाळेत असाल तर सुब्रतो करंडक. जिल्हा, विभाग, राज्य असं वर चढत जायचं. क्लब किंवा अकादमीत असाल तर १३, १५ आणि १७ वर्षांखालील राष्ट्रीय युवा लीग. महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणं, शिक्षण आणि सराव एकत्र होतो. अनिकेत जाधव तिथूनच घडला. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकादमी आहे, गोव्यात सेसा अकादमी. निवासी जागा मिळाली नाही म्हणून खचू नका. चांगल्या जिल्हा लीगमध्ये दर आठवड्याला ९० मिनिटं मिळणं हे मोठ्या अकादमीच्या दुसऱ्या संघात बसून राहण्यापेक्षा बरं.

१७ नंतर मात्र मोठ्यांमध्ये उतरायलाच हवं: मुंबईची एमएफए लीग, कोल्हापूरची केएसए, पुण्याची लीग, गोव्याची प्रोफेशनल लीग. यात गोव्याची लीग तरुण मिडफिल्डरसाठी सगळ्यात उपयोगी, असं आमचं स्पष्ट मत आहे. खेळ जमिनीवरून होतो, समोर धेम्पो, साळगांवकर, चर्चिल ब्रदर्स यांच्यासारखी जुनी नावं असतात आणि बघायला जाणकार माणसं येतात. सिंधुदुर्गातल्या मुलांना तर मुंबईपेक्षा ती जवळ आहे. शिवाय आयएसएल क्लबांच्या तरुण संघांसाठी २०२२ पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. तिथे चमकलेल्यांना मुख्य संघाच्या सरावाला बोलावतात.

ट्रायलला ७०-८० मुलं येतात, आणि तुमच्या वाट्याला २० ते ३० मिनिटं. मिडफिल्डरचं काम शांत असतं, त्यामुळे निवडणाऱ्याच्या नजरेतून ते सुटतं. पहिल्या पाच मिनिटांत तीन-चार साधे पास बरोबर द्या आणि आवाज द्या: ‘मॅन’ (मागे माणूस आहे), ‘टर्न’ (वळ), ‘टाइम’ (वेळ आहे). अनोळखी संघात सूचना देणारा लगेच लक्षात येतो. चेंडू गमावल्यावर पुढच्या पाच सेकंदांत काय करता, हे निवडणारे आवर्जून बघतात. सगळे दहा नंबर मागत असतील, तेव्हा सहावर खेळायची तयारी दाखवा.

व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा. संगीत नको. प्रत्येक तुकड्याच्या आधी स्वतःवर एक बाण किंवा वर्तुळ. गोल आणि ड्रिबलपेक्षा दबावाखाली घेतलेला चेंडू, बाजू बदलणारा पास, अडवलेला प्रतिहल्ला असं दाखवा. शेवटी दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक द्या. कामाची माणसं तेच उघडतात.

करार

१८ वर्षांखालचा व्यावसायिक करार फिफाच्या नियमांनुसार ३ वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही. पुढे मर्यादा ५ वर्षांची. भारतीय कायद्यात अल्पवयीन मुलगा स्वतः करार करू शकत नाही, म्हणून पालकांची सही लागते. पालकांनी तो घरी आणून वाचावा. ‘आत्ताच सही करा, नाहीतर दुसरा मुलगा तयार आहे’ असं म्हणणाऱ्याला एक दिवस मागा. ज्याला खरंच मुलगा हवा असतो, तो एक दिवस देतो.

वाचताना इतकं शोधा. पगार दर महिन्याच्या कुठल्या तारखेला, बँकेतच का, बारा महिने का फक्त मोसमापुरता. दुखापत झाली तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि त्या काळात पगार चालू का. क्लबला एकतर्फी मुदतवाढीचा हक्क आहे का. वैद्यकीय तपासणीत नापास झाल्यास करार रद्द असं कलम फिफाला मान्य नाही. तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. बाहेरचे सामने खेळायला बंदी असतेच. पाच हजारांसाठी रिंक फुटबॉलच्या (छोट्या मैदानावरच्या) स्पर्धेत उतरून गुडघा गेला तर विमाही नाही आणि करारही धोक्यात.

दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. तरीही मिळाले नाहीत तर योग्य कारणानं करार मोडता येतो, असं फिफाचं कलम सांगतं. व्हॉट्सअ‍ॅपवरची विनवणी म्हणजे नोटीस नाही. ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही करा. हे महाराष्ट्रात वाचून ठेवायलाच हवं. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, डीएसके शिवाजियन्स गेला, एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये हैदराबादला गेली. हे क्लब बघत वाढलेल्या मुलांची डोळ्यासमोरची वाट प्रत्येक वेळी नाहीशी झाली. त्यामुळे दहावी-बारावी मुक्त विद्यालयातून का होईना, पूर्ण करा. रेल्वे, सेनादल आणि राज्याच्या क्रीडा कोट्यातल्या नोकऱ्यांना तीच कागदपत्रं लागतात.

एजंटला २०२३ पासून फिफाची परीक्षा आणि परवाना लागतो. यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे, नाव तिथे नसेल तर बोलणंच नको. त्याच्याशी केलेला करार दोन वर्षांहून जास्त नसावा. आणि ‘युरोपात ट्रायल’ म्हणून लाखभर रुपये आधी मागणारा माणूस एजंट नव्हे. काही अपवाद सोडले तर १८ वर्षांखालच्या खेळाडूचं परदेशी क्लबकडे हस्तांतर फिफा होऊच देत नाही. १६ वर्षांच्या मुलाला तसलं वचन देणाऱ्याला एक तर नियम माहीत नाही किंवा तो फसवतो आहे.

आणि एक वही. प्रत्येक अधिकृत सामन्याची तारीख, जागा (सहा, आठ की दहा), मिनिटं आणि दुखणं, एवढे चार रकाने. पहिल्या करारानंतर डिसेंबरअखेर बेरीज करा. संघाच्या निम्म्या मिनिटांपर्यंतही पोचला नसाल, तर जानेवारीची विंडो (खेळाडूंच्या हस्तांतराचा काळ) उघडण्याआधी प्रशिक्षकाला भेटा. वही समोर ठेवून विचारा की पुढच्या तीन महिन्यांत मिनिटं कुठून येतील. ठोस उत्तर मिळालं नाही तर लोनवर, म्हणजे तात्पुरतं, खालच्या लीगमध्ये जायची मागणी त्याच बैठकीत करा, आणि दुसऱ्या दिवशी ईमेलनं लेखी पाठवा.